कणेरीचे ग्रामजीवन आणि बलुत्याचा हिशेब

कोल्हापूरजवळ, पुणे-बंगळुरू महामार्गापासून थोड्या अंतरावर असलेल्या कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या परिसरात यंत्रयुगापूर्वीचे एक मराठी खेडे शिल्परूपाने उभे करण्यात आले आहे. महात्मा गांधींच्या स्वयंपूर्ण खेड्याच्या कल्पनेतून या ग्रामजीवन संग्रहालयाने प्रेरणा घेतली आहे. येथे काचेची कपाटे नाहीत. शेतकरी, कुंभार, लोहार, न्हावी, चांभार आपापल्या कामात गढलेले दिसतात. सिमेंटचे हे पुतळे माणसाएवढ्या आकाराचे असून चेहऱ्यांवरील सुरकुत्यांपर्यंतचे बारकावे त्यांत उतरले आहेत.

या दृश्यांचा अर्थ उमगण्यासाठी बलुतेदारी समजून घेणे आवश्यक ठरते. सुताराने नांगर, तिफण व गाडी घडवावी. लोहाराने फाळ शेवटावा आणि लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवावी. मांगाने दोर वळावेत. चांभाराने मोट शिवावी. या कामांचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा जो वाटा मिळे, तेच बलुते. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी मानल्या जात आणि वाटाही त्यानुसार कमी-अधिक असे. बारा बलुतेदारांची यादी मात्र सर्वत्र सारखी नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आढळते.

पुतळ्यांतून कसब दिसते. काम नाकारण्याची मुभा कोणाला होती, हे दिसत नाही. व्यवसाय जन्माने ठरत असे. महारांना वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या बदल्यात सरकारी निरोप पोहोचवण्यापासून मेलेली जनावरे ओढण्यापर्यंतची कामे, वेळी-अवेळी, करावी लागत. गावाला त्यांचे श्रम हवे असत. वस्ती मात्र वेशीबाहेरच असे. स्वयंपूर्णतेचे कौतुक करताना ही बाजू नजरेआड होणे सोपे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास मात्र 1958 साल उजाडावे लागले. त्यानंतर ठरावीक रक्कम भरून या जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा प्रदान करण्याची तरतूद करण्यात आली.