हवेतील धूलिकणांची दीर्घकालीन नोंद

तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला असतो. एके दिवशी त्यात किती पाणी साचले एवढ्यावरून त्या गावचे पाऊसमान कोणी ठरवीत नाही. तीसचाळीस वर्षांच्या नोंदी हाती असल्या म्हणजेच अमुक वर्ष ओले गेले की कोरडे, हे खात्रीने म्हणता येते. शहरांच्या हवेतील धुराची व धुळीची गोष्टही अशीच आहे. इंग्लंडमध्ये या मोजणीस आरंभ झाला तेव्हाचे साधन तर पर्जन्यमापकाचेच भावंड शोभावे असे होते.

१९१२ साली लंडन येथे धूरनिवारणाच्या प्रश्नावर परिषद भरली व तीतून वातावरणातील प्रदूषणाचा शोध घेणारी समिती निघाली. ख्यातनाम हवामानशास्त्रज्ञ नेपियर शॉ हे तिचे अध्यक्ष आणि जॉन स्विट्झर ओवेन्स हे चिटणीस होते. समितीने ठिकठिकाणी उघड्यावर पसरट पात्रे मांडली. पावसाबरोबर व एरवीही जे काही वरून पडे ते पात्राखालच्या बाटलीत जमे. महिनाअखेर पाणी गाळून व आटवून मागे उरलेला गाळ तोलीत आणि दर चौरस मैलास किती टन असा हिशेब मांडीत. या रीतीत एक मोठी उणीव होती. जे कण जड, ते खाली पडत. परंतु जे हलके असल्यामुळे हवेत तरंगत राहतात व श्वासावाटे छातीत खोल शिरतात, ते पात्रात फारसे येत नसत. म्हणून पुढे हवाच पांढऱ्या गाळणकागदातून ओढून घेण्याची युक्ती निघाली. कागदावरील डाग जितका काळा, तितका धूर अधिक. कागद रोज बदलावयाचा, डाग ताडून पाहावयाचा आणि आकडा वहीत उतरावयाचा, असे हे काम होते. काम कंटाळवाणे खरे.

त्याचे मोल १९५२ साली कळले. त्या वर्षी ५ ते ९ डिसेंबर या दिवसांत लंडनवर दाट धुके बसले. वारा पडला होता. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली, भांड्यावर झाकण ठेवावे तशी, कोंडली गेली होती आणि थंडीमुळे घरोघर दगडी कोळसा जळत होता. धुके लंडनकरांना नवे नव्हते. त्यामुळे माणसे दगावत आहेत हे त्या दिवसांत बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. पुढे मृत्युनोंदी एकत्र झाल्या, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. रोजच्या मृत्यूंची रेषा व रोजच्या धुराची रेषा एकाच कागदावर काढली असता दोन्ही बरोबरीने चढलेल्या दिसल्या. आपत्ती येऊन गेल्यावर यंत्र आणून मागचे दिवस मोजता येत नाहीत. धुराची रेषा काढता आली ती आधीपासून कागद बदलले जात होते म्हणूनच.

धुके विरल्यानंतरही कित्येक आठवडे मृत्यू अधिकच होत राहिले. ते इन्फ्लुएंझाचे, असा सरकारी खुलासा झाला. त्याच जुन्या नोंदी पुन्हा तपासून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा खुलासा अपुरा ठरविला आणि फेब्रुवारी १९५३ अखेर जादा मृत्यू सुमारे १२,००० असावेत असे अनुमान काढले.

१९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला व १९६१ पासून एक हजारांहून अधिक ठिकाणी धुराची नियमित मोजणी सुरू झाली. तथापि नोंद लांबली की एक वेगळीच अडचण उभी राहते. मोजावयाची वस्तूच बदलते. डागावरून वजन ठरविण्याचे कोष्टक कोळशाच्या धुराचे होते. घरांतून कोळसा गेला आणि रस्त्यावर डिझेलची वाहने वाढली. वजनास वजन धरले तर डिझेलची काजळी कोळशाच्या धुरापेक्षा सुमारे तिप्पट काळी. तेव्हा डाग तोच, परंतु त्यामागचे वजन वेगळे. म्हणून पुढे कणांचे प्रत्यक्ष वजन घेण्याकडे कल झाला. आज ज्यांस ‘पी. एम. २.५’ म्हणतात ते कण अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक असतात. माणसाचा केस त्यांच्या वीसपट तरी जाड असतो.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची देशव्यापी मोजणी १९८४ साली सुरू झाली. आरंभी हवेत तरंगणाऱ्या सर्वच कणांचे एकत्र वजन घेत. २००९ च्या मानकांनी अडीच मायक्रॉनच्या कणांस वेगळी मर्यादा घातली. ती वार्षिक सरासरीने दर घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस केवळ ५ आहे. अर्थात जुने व नवे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी ते कोणत्या कणांचे आहेत हे पाहणे अगत्याचे होय.

वर्गात हा विषय शिकविताना काचेच्या पट्टीस व्हॅसलिनचा पातळ हात देऊन ती खिडकीबाहेर आठवडाभर ठेवावी आणि भिंगातून पाहावी. अशा पट्ट्या वर्षभर एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवल्यास सुगी, उन्हाळा व पावसाळा यांतील फरक मुलांस स्वतः दिसेल. तिच्यावर मुख्यतः जड धूळच बसते, १९१२ च्या समितीच्या पात्राप्रमाणेच, हे मुलांस अवश्य सांगावे. पट्टीच्या पाठीमागे तारीख, जागा व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी.