चिलखताचा खरा शत्रू

कर्नाळ्याचा बेसॉल्टचा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून आजही दिसतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. त्या काळी सरदार-शिलेदार अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत घालत. कर्नाळ्याचा दगड टिकला, पण अशा चिलखतांना कोकणची हवा मानवत नाही.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की हा वेग वाढतो. पनवेल परिसरात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात खाडीकडून येणारे खारे वारे. मीठ हवेतील ओलावा ओढून धातूवर धरून ठेवते.

तलवारीपेक्षा चिलखताची अडचण मोठी. त्याची प्रत्येक कडी साधारणपणे शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते. या सांध्यांत पाणी अडकते आणि फडक्याने पुसले जात नाही. काही भारतीय चिलखतांत नक्षीसाठी पितळी कड्याही गुंफलेल्या असतात. ओलावा असताना पितळेला टेकलेले लोखंड अधिक लवकर गंजते.

घराण्यात जुनी शस्त्रे असतील तर खंडेनवमी-दसऱ्याला ती बाहेर निघतात आणि नेमकी तेव्हाच चूक होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी ती चिंच-लिंबाने घासली जातात. आम्लाने गंज सुटतो, पण खालचे चांगले लोखंडही खाल्ले जाते. कड्यांत उरलेले आम्ल पुढेही काम करत राहते. पॉलिश पेपरने तर कड्या जोडणाऱ्या बारीक रिव्हेटच झिजतात. ओले हळद-कुंकू तसेच राहिले तर त्याखालीही गंज धरतो. पूजा करावी, पण कुंकू खाली अंथरलेल्या वस्त्राला लावावे.

संग्रहालयांत वेगळी पद्धत असते. सुटा गंज मऊ ब्रशने काढला जातो. उरलेल्या गंजावर गरजेनुसार टॅनिक आम्ल लावतात. हिरड्यात असते त्याच वर्गातील हे द्रव्य. त्याने गंजाचे निळसर काळ्या, स्थिर थरात रूपांतर होते. वस्तू पूर्ण कोरडी झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देतात. हे काम प्रशिक्षित संवर्धकाचेच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे.

घरी मात्र एवढे करता येते. चिलखत सुती हातमोजे घालूनच हाताळावे, कारण घामात मीठ असते. खुंटीला टांगू नये. कित्येक किलोंच्या भाराने खांद्याजवळच्या कड्या ताणल्या जातात. ते आडवे, आम्लरहित कागदावर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक असावा. आकडा ४० टक्क्यांखाली राहील असे पाहावे. जेल ओले झाले की बदलावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाहणी करावी.

गंजलेली कडी टोचली तर? धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जिवाणू माती-धुळीतून जखमेत शिरतात. जखम साबण-पाण्याने धुऊन लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

गंज काढता येतो, गेलेले लोखंड परत येत नाही. म्हणून चिलखत चमकवण्यापेक्षा कोरडे ठेवणे महत्त्वाचे.