दाराआडून दिसणारी जवळीक

दोन माणसांमधली जवळीक टिपायची तर कॅमेरा त्यांच्या अंगाशी न्यायलाच हवा, असं नाही. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने १६७० च्या सुमारास ‘प्रेमपत्र’ रंगवलं ते पुढच्या अंधाऱ्या खोलीतून पाहिल्यासारखं. वर सारलेला पडदा, अरुंद दार आणि पलीकडच्या उजेडात पत्र हाती घेतलेली मालकीण व तिची मोलकरीण. पाहणारा आगंतुकासारखा उंबऱ्याबाहेरच राहतो.

दिग्दर्शक वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) या चित्रपटात हीच युक्ती आहे. १९६२ च्या हाँगकाँगमधले दोन शेजारी दारांच्या चौकटींतून, अरुंद बोळांतून, पडद्यांच्या कडेने दिसतात. त्यांच्या जोडीदारांचे चेहरे तर दाखवलेलेच नाहीत. दाटीवाटीच्या घरात कुणीतरी पाहत असल्याची धास्ती चौकटीतूनच जाणवते.

सत्यजित राय यांच्या ‘अपूर संसार’ (१९५९) या चित्रपटात चौकटीचं काम पडदाच करतो: नवी नवरी अपर्णा खिडकीच्या फाटक्या पडद्यातून बाहेर बघते. भोकातून तिचा डोळा तेवढा दिसतो.

दारातून असं दृश्य टिपण्यामागचं तंत्र सोपं आहे. कॅमेरा अंधाऱ्या खोलीत ठेवायचा आणि एक्स्पोजर पलीकडच्या उजळ खोलीनुसार लावायचं. चौकट आपोआप काळी पडते, नजर थेट माणसांवर जाते. पातळ पडदा खिडकीवर असेल तर ऊन मऊ होऊन पसरतं; लेन्ससमोर जवळ असेल तर धूसर पट्टा होऊन फ्रेमचा नको असलेला भाग झाकतो.