कस्टम ड्युटी न भरलेला माल आणि आपली गाडी : बॉण्डवर सही करण्याआधी

शहापूर, वासिंद, किन्हवली, मुरबाडकडे ज्या घरांची रोजी ट्रक-ट्रेलरवर चालते, तिथे सध्या एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘बॉण्डेड माल उचला, भाडं बरं मिळतं.’ भिवंडीची गोदामं हाकेच्या अंतरावर आहेत. न्हावा-शेवा बंदर काही तासांवर, आणि जून 2025 पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट नागपूरपर्यंत खुला झालाय. सल्ला चुकीचा नाही, पण सही करताना आपण नेमकं काय कबूल करतोय, हे समजून घेतलं पाहिजे.

परदेशातून आलेला कंटेनर बंदरावर उतरतो तेव्हा त्याची ड्युटी भरलेली नसते. तो माल कस्टम्सच्या ताब्यात असतो; कायद्याच्या नजरेत तो अजून बाजारात आलेलाच नाही. असा माल ट्रेलरवर चढवून दुसऱ्या ठिकाणी पाठवताना सरकारचा एकच सवाल असतो : वाटेत माल गायब झाला तर पैसे कोणाकडून घ्यायचे? त्याचं लेखी उत्तर म्हणजे बॉण्ड. तो भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहून द्यावा लागतो.

म्हणून काम घेताना पहिला प्रश्न विचारा : बॉण्ड कोणाचा? बंदरातून जवळच्या सीएफएसला (कंटेनर उतरवून तपासण्याच्या यार्डाला) कंटेनर जातो, तेव्हा सहसा तो सीएफएसवाल्याचा असतो. भिवंडीच्या बॉण्डेड गोदामात माल जातो, तेव्हा बॉण्ड आयातदाराचा असतो, तोही ड्युटीच्या तिप्पट रकमेचा. या दोन्ही कामांत आपली गाडी फक्त भाड्याने लागते. गाडीला एकदाच वापरायचं कुलूप लागतं आणि पोचल्यावर गोदामवाला ते तपासतो. तिसरं काम वेगळं आहे. नागपूर किंवा औरंगाबादजवळच्या माळीवाड्यासारख्या ड्रायपोर्टला माल ड्युटी न भरताच पुढे पाठवतात. त्याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात, कस्टम्स कायद्याचं कलम 54. इथे वाहतूकदार स्वतःच बॉण्ड देतो.

हा बॉण्ड घ्यायचा तर फर्म, पॅन, जीएसटी आणि गाड्यांचे कागद नीट हवेत. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे ‘कॉमन कॅरियर’ म्हणून नोंदणी हवी; ती दहा वर्षं चालते. 2018 च्या नियमांप्रमाणे कस्टम्सकडे ऑनलाइन नोंदणीही लागते. न्हावा-शेव्याचं हे काम जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसमधून होतं. दर फेरीला वेगळा बॉण्ड देण्याऐवजी एकच चालू बॉण्ड देता येतो, त्याला ‘मदर बॉण्ड’ म्हणतात. रक्कम मालाच्या किमतीएवढी आणि बँक गॅरंटी त्याच्या 15 टक्क्यांपर्यंत.

आता हिशेब करून बघा. एका वेळी वाटेत 2 कोटींचा माल राहील असं धरलं, तर गॅरंटी 30 लाखांची. वर्षाला 1000 टीईयूपेक्षा जास्त आयात कंटेनर असे पोचवणाऱ्याला गॅरंटीतून सूट मिळते. 20 फुटी कंटेनर म्हणजे 1 टीईयू, 40 फुटी म्हणजे 2. तीन ट्रेलर, प्रत्येकाच्या महिन्याला सहा फेऱ्या, सगळे 40 फुटी धरले तरी वर्षाचे 432 होतात. सूट मोठ्यांसाठी आहे, हे यातूनच कळतं.

शिवाय फेरी निघाली की मालाची रक्कम बॉण्डमधून वजा होते, आणि माल पोचल्याचा कस्टम्सचा दाखला आला की परत जमा होते. दाखल्याला 30 दिवसांची मुदत असते. नागपूरला कागद कोणाच्या टेबलावर पडून राहिला तर गाडी घरी आलेली असूनही बॉण्ड अडकलेलाच असतो आणि पुढचा कंटेनर उचलता येत नाही. त्यामुळे या धंद्यात ड्रायव्हरइतकाच कागदांच्या मागे धावणारा माणूस लागतो. मुदत वाढवून न घेता दाखला दिला नाही, तर मालाच्या किमतीएवढी रक्कम जप्त होऊ शकते.

इथे बऱ्याच गाडीमालकांची गल्लत होते. साध्या भाड्याच्या कामात माल हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते. 40,000 भाडं असेल तर 4 लाख. पण ही मर्यादा मालाच्या मालकापुरती. सरकारला दिलेल्या बॉण्डला ती लागू नाही. कंटेनर 50 लाखांचा असेल तर प्रश्न 50 लाखांचा.

स्वतःचा बॉण्ड नसला तरी सगळं सुटत नाही. ट्रान्सशिपमेंटचा माल पोचला नाही किंवा कमी भरला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर कलम 116 खाली ड्युटीच्या दुपटीपर्यंत दंड गाडीचा ताबा असलेल्यावर होतो. रस्त्यावर तो म्हणजे आपला ड्रायव्हर, बऱ्याचदा भाचा किंवा शेजारचा पोरगा. आणि तस्करीच्या मालासाठी गाडी वापरली गेली तर कलम 115 खाली गाडीच जप्त होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं मालकाने सांगून भागत नाही. त्याच्या एजंटला आणि ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे : रस्ता घराजवळून जातो. आसनगाव आलं की जेवायला घरी, रात्र झाली की गाडी अंगणात, सकाळी पुढे. साध्या मालाला चालून जातं. सीलबंद कंटेनर घेऊन ट्रेलर हायवे सोडून किन्हवलीकडे का वळला, याचा जबाब मात्र द्यावा लागतो. निघताना सीलचा नंबर कागदाशी ताडून फोटो काढून ठेवावा. अपघात झाला, सील तुटलं तर स्वतः काही उघडू-बांधू नये. पोलिसांचा पंचनामा करावा आणि बॉण्डवाल्याला व कस्टम्सला लगेच कळवावं.

फर्म कोणाच्या नावावर आहे, तेही बघा. अब्बांच्या नावाची एकट्याची फर्म असेल तर बॉण्डची देणी त्यांच्याच अंगावर, आणि वारसाहक्काच्या आपल्या नियमात कर्ज आधी फिटतं, वाटे नंतर. म्हणजे अम्मी आणि बहिणींच्या हिश्शालाही झळ बसते. भावाभावांच्या भागीदारीत प्रत्येकजण संपूर्ण देण्याला जबाबदार असतो. एलएलपीत जबाबदारी मर्यादित राहते. पण गॅरंटी देताना बँक वैयक्तिक जामीन मागू शकते, तो दिला तर ती मर्यादा कागदावरच राहते.

राहिला बँक गॅरंटीचा मसला. जामीन राहणं, म्हणजे कफालत, शरीअतमध्ये मान्य आहे. वाद आहे तो तिच्या मोबदल्यावर. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 च्या जेद्दा बैठकीत ठरवलं की निव्वळ जामिनकीचा मोबदला घेऊ नये. कामकाजाचा प्रत्यक्ष खर्च घेता येतो. आपल्याकडे बँका कमिशन घेतात आणि मार्जिन म्हणून बहुतेक वेळा एफडी मागतात, तिच्यावर व्याज येतं. बिनव्याजी खात्यात मार्जिन ठेवता येईल का, हे बँकेला आधी विचारा आणि कमिशनबद्दल कागद घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा. तोंडी सांगितलं तर तेही तोंडीच सांगतील.

माझं मत विचाराल तर दोन-तीन गाड्या असतील तोवर दुसऱ्याच्या बॉण्डखाली गाडी लावणं बरं. फक्त करार लेखी घ्या, आणि त्यात ‘सर्व नुकसान गाडीमालकाकडून वसूल’ असं एखादं वाक्य शेवटच्या पानावर आहे का, ते वकिलाकडून वाचून घ्या. ते असेल तर बॉण्ड दुसऱ्याचा आणि भुर्दंड तुमचा.