बोटांना काहीच कळत नाही

आमच्या येवल्यात पोरगं शाळेत जायच्या आधी पतंगाला ढील द्यायला शिकतं. संक्रांत आली की तीन दिवस गाव गच्च्यांवर असतं, हलगी कडाडत असते आणि घराघरातून मांजाच्या आसाऱ्या बाहेर निघालेल्या असतात. त्यामुळे हवेत काही उडवायचं म्हटलं की येवलेकराला वाटतं, हे तर आपल्याला येतंच. रेडिओवरचं मॉडेल विमान शिकायला येणारी आमच्याकडची मुलं याच तोऱ्यात येतात. पहिल्या अर्ध्या तासात तो तोरा उतरतो. का उतरतो हे समजलं, की या छंदातलं निम्मं समजलं.

पतंग उडवणाऱ्याला आकाशातली बातमी बोटांतून कळते. वारा वाढला की दोर ताणतो, पतंगानं गोता घेतला की ढिला पडतो. मान वर न करताही हाताला समजतं, आता खेच, आता सोड. विमानाला दोर नाही. हातात असतो तो ट्रान्समीटर आणि त्यावर दोन स्टिक. विमान उंचावर शांत तरंगत असो की जमिनीकडे झेपावत असो, त्या स्टिक हलवायला जोर तेवढाच लागतो. बोटांना काहीच कळत नाही. जे कळायचं ते डोळ्यांना. म्हणून नव्या माणसाला मी आधीच सांगतो, हात तुझे तयार आहेत बाबा, शिकवायची आहे ती नजर.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी भरतो आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर नवशिक्यांना विमान शिकवतो. शिकवण्याचे पैसे घेत नाही, चहा मात्र सोडत नाही.

आधी हातात काय असतं ते बघू. साध्या विमानात चार गोष्टी चालवायच्या असतात. डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे मोटारीचा वेग. तीच आडवी हलवली की रडर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी. उजवी स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर विमानाचं नाक वर करतो, पुढे ढकलली की खाली. आडवी हलवली की पंखांवरच्या पट्ट्या, एलेरॉन, विमान एका कुशीवर झुकवतात. या मांडणीला मोड टू म्हणतात आणि आपल्याकडे बहुतेक जण याच मांडणीवर शिकतात. थ्रॉटल जिथे सोडाल तिथे राहतो. बाकीच्या हालचालींना स्प्रिंग असते, हात काढला की स्टिक मध्यावर येते.

हे सगळं दहा मिनिटांत पाठ होतं. घोळ होतो तो विमान वळल्यावर. ते तुमच्यापासून लांब जातंय तोवर सगळं सरळ असतं, उजवीकडे ढकललं की उजवीकडे झुकतं. पण ते वळून तुमच्या दिशेनं यायला लागलं की त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. नवशिका नेमका उलट हात देतो, विमान अजून झुकतं, तो अजून जोरात देतो आणि पुढचं मातीत बघायला मिळतं. यावर एक जुनी युक्ती आहे: विमान तोंडावर येत असेल तेव्हा डावं-उजवं विसरायचं आणि जो पंख खाली पडलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकलायची. पंख उचलला जातो.

त्याहून अवघड म्हणजे विमान येतंय की जातंय हेच न कळणं. लांबवर, उजेडाच्या अंगाला, विमानाची नुसती काळी रेघ उरते. गेल्या हिवाळ्यात एक कॉलेजातली मुलगी शिकत होती. विमान माळाच्या पार टोकाला गेलं आणि ती एकदम म्हणाली, “काका, येतंय का जातंय?”

“तुला काय वाटतं?”

“येतंय वाटतं. पण नक्की नाही.”

“मग विमानालाच विचार. उजवीकडे जरासं दे आणि बघ, कुठला पंख पडतो.”

तिनं स्टिक अगदी गव्हाच्या दाण्याएवढी हलवली. रेघेचं डावं टोक खाली गेलं. “डावीकडचा पडला! म्हणजे येतंय,” असं म्हणत तिनं पंख लगेच सरळ केला. तिला त्या दिवशी जे कळलं ते पुष्कळांना महिनाभर कळत नाही. डोळ्यांना उत्तर सापडलं नाही तर विमानाला छोटा प्रश्न विचारायचा आणि ते काय करतं ते बघायचं. घाबरून दोन्ही स्टिक घुसळल्या तर उत्तरही घुसळलेलंच येतं.

नवशिक्याची खरी अडचण एकच. समजायला वेळ लागतो आणि विमान काही थांबत नाही. म्हणून शिकण्यासाठीची सगळी व्यवस्था त्याला विचार करायला उसंत मिळावी यासाठी असते. शिकाऊ विमानाचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला बसवलेले असतात आणि दोन्ही टोकांना थोडे उचललेले. असं विमान हात सोडले की बऱ्याचदा आपणहून सरळ होतं. ते फोमचं आणि हलकं, म्हणून सावकाश उडतं. पंखांची वरची बाजू एका रंगाची आणि खालची दुसऱ्या भडक रंगाची ठेवतात, कारण पोट दिसतंय की पाठ हे लांबून झटकन कळायला हवं. उंचीबद्दल उडवणाऱ्यांत एक म्हण आहे, ‘तीन चुकांइतकं वर राहा’. एक चूक, ती सुधारताना होणारी दुसरी आणि मग भीतीनं होणारी तिसरी.

दुसरी सोय म्हणजे शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा असे दोन ट्रान्समीटर जोडणं. पूर्वी त्यासाठी वायर लागे, आता बिनवायरीचंही होतं. माझ्या ट्रान्समीटरवरचा खटका मी दाबून ठेवला आहे तोवर विमान विद्यार्थ्याच्या हातात. खटका सोडला की त्याच क्षणी ते माझ्याकडे. तिसरी सोय घरची. ट्रान्समीटर कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सराव करायचा. तिथे विमान शंभरदा आपटलं तरी खर्च शून्य. तोंडावर येणारं विमान सांभाळायची सवय लावायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. या विमानातली मोटार ब्रशलेस असते, मुठीत लपेल एवढी. तिला तीन वायरी. उलटी फिरायला लागली तर तिघींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, सुलटी होते. शेतातल्या थ्री-फेज पंपालाही हेच करतात, त्यामुळे आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. मोटारीवर २२१२ असा आकडा दिसला तर तिच्या आतला स्टेटर २२ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर उंचीचा आहे, असं समजायचं. शेजारी १००० केव्ही लिहिलेलं असेल तर बिनलोड असताना दर व्होल्टमागे मिनिटाला साधारण १००० फेरे. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर ते ११ हजारांपर्यंत जातात. दुकानात येणारी पंपाची मोटार बहुधा २९०० च्या आसपास फिरते. म्हणून सांगतो, टेबलावर काम करताना पंखा, म्हणजे प्रॉप, काढून ठेवा. तो प्लॅस्टिकचा दिसला तरी बोट कापतो.

बॅटरी लिथियम पॉलिमरची, सगळे तिला लिपो म्हणतात. तिचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ च्या खाली उतरला तर बिघडतो. आठवडाभर ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ च्या आसपास ठेवायची, भरलेली नाही आणि रिकामीही नाही. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर आणि डोळ्यांसमोर. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कारण लिपो पेटली तर चटकन विझत नाही. एका चार्जिंगवर शिकाऊ विमान आठ-दहा मिनिटं उडतं आणि नवशिक्याचं लक्षही साधारण तेवढंच टिकतं.

उडवण्याआधी एक तपासणी मी कुणालाही चुकवू देत नाही. बॅटरी जागेवर बसवून पंखांच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावायचं आणि विमान उचलायचं. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असताना विमान आडवं राहायला हवं, नाक किंचित खाली झुकलं तरी चालेल. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची, पट्टा आवळायचा आणि पुन्हा बघायचं. जुने लोक म्हणतात, नाक जड असलेलं विमान वाईट उडतं आणि शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. मग ट्रान्समीटर आधी चालू, विमान नंतर. बंद करताना उलट. प्रत्येक स्टिक हलवून पट्ट्या बरोबर दिशेला जातात का बघायचं. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

वाऱ्याचा धडा मात्र हळूहळू मुरतो, कारण इथे डोळे खोटं बोलतात. वाऱ्याच्या पाठीवर बसलेलं विमान जमिनीच्या मानानं भन्नाट पळताना दिसतं. नवशिक्याला वाटतं, वेग फार झाला. तो थ्रॉटल ओढतो, वर नाकही उचलतो. पण पंखाला जमिनीशी घेणं नाही, त्याला फक्त समोरून येणारी हवा कळते. ती कमी पडली की पंख उचलायचं सोडून देतो. यालाच स्टॉल म्हणतात. एक पंख धप्पकन पडतो आणि उंची नसेल तर खेळ संपला. म्हणून उडवायचं वाऱ्याच्या तोंडावर आणि उतरवायचंही वाऱ्याच्या तोंडावर. उतरताना विमान कमी पडतंय असं वाटलं तर नाक वर ओढायचा मोह होतो. तो आवरून जरा थ्रॉटल द्यायचा, म्हणजे ते पुढे येतं. दिवाळीनंतरच्या सकाळी आमच्याकडे हवा गार आणि स्थिर असते, शिकायला तोच काळ चांगला. ऊन चढलं आणि घारी पंख न हलवता घिरट्या घालायला लागल्या की गरम हवा वर उठतेय असं समजावं आणि नवशिक्यानं विमान पेटीत ठेवावं. संक्रांतीच्या आगेमागे तर आकाश मांजानं भरलेलं, तेव्हा विमानाचं नाव काढायचं नाही.

हा छंद नवा नाही. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओनं चालवून दाखवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे कित्येक वर्षं एका मैदानावर एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर लावला की विमान पडायचं, म्हणून प्रत्येक जण आपल्या चॅनेलचा चिमटा फळीवरून घेऊनच उडवायला उभा राही. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले आणि ही कटकट मिटली.

पण मला सांगायची गोष्ट मेनार्ड हिल यांची. ऑगस्ट २००३ मध्ये ७७ वर्षांच्या हिल यांनी बाल्सा लाकडाचं, ५ किलोच्या आतलं विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून सोडलं. ते अटलांटिक महासागर ओलांडून ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं, सुमारे ३००० किलोमीटरवर. मधला समुद्र ऑटोपायलटनं आणि जीपीएसनं पार केला. हिल यांची दृष्टी तोपर्यंत जवळजवळ गेलेली होती. आयर्लंडला विमान दिसलं तेव्हा किनाऱ्यावर ट्रान्समीटर घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या साथीदारानं, डेव्ह ब्राउन यांनी, ते हातानं उतरवलं. एवढं सगळं यंत्रावर सोपवलं, पण शेवटच्या काही मीटरांसाठी माणसाचीच नजर लागली.

कायद्याचंही बघावं लागतं. भारतात २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत आणि रेडिओवरचं विमानही त्यांच्याच कक्षेत येतं. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. आपलं शिकाऊ विमान बहुधा मायक्रोत बसतं आणि व्यवसायासाठी नसेल तर त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण जागा मात्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर तपासूनच ठरवायची. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक, विमानतळाभोवती बंधनं, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंदी. आमच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला विमानतळ आणि एचएएलचा कारखाना, देवळालीला तोफखाना. म्हणून नाशिककडच्या मुलांना मी सांगतो, आधी नकाशा, मग पोलीस ठाण्यात चौकशी आणि मगच माळ.

सुरुवात करणाऱ्यानं खरेदीही उलट्या क्रमानं करावी. लोक आधी देखणं लढाऊ विमान घेतात आणि ते पहिल्याच उड्डाणात मोडतं. आधी माळावर या, दोन रविवार नुसतं बघा. मग बरा सहा चॅनेलचा, म्हणजे सहा गोष्टी चालवता येतील असा, ट्रान्समीटर घ्या. विमानं बदलतील, तो राहील. मग सिम्युलेटर. विमान सगळ्यात शेवटी आणि तेही फोमचं, चिकटवता येईल असं. साधं सुपरग्लू थर्माकोल खातं, त्याला फोमचा वेगळा गोंद मिळतो, तो खिशात असू द्या.

माळावर बघ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. “केवढ्याला पडलं?” आणि “किती वर जातं हो?” पहिल्याचं उत्तर बायकोसमोर देऊ नका. दुसऱ्याला मी सांगतो, वर कुणीही नेतं राव, थांबा पाच मिनिटं, हा पोरगा खाली कसं आणतो ते बघा.