‘फक्त गॅस्केट बदलायचंय’ म्हणणारं गिऱ्हाईक आणि साडेसहा हजारांचं कोटेशन

व्हिडिओत गॅरेजच्या कोटेशनचं उदाहरण मी घाईत सांगितलं होतं. आज ते नीट सांगतो, कारण आकडे कागदावर बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत.

आपल्या बॅचचा एक मुलगा उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये गॅरेज चालवतो. वडिलांचं आयुष्य काळ्या-पिवळ्या फियाट दुरुस्त करण्यात गेलं. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळे म्हणाले, आता हे काम संपलं. माझं मत उलटं आहे. टॅक्सीवाला गेला, हौशी मालक आला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. नुसत्या नंबरसाठी एवढे मोजणारा माणूस इंजिनात काटकसर करत नाही. फक्त त्याला काम समजावून सांगावं लागतं.

तर असाच एक मालक जुनी फियाट ११०० घेऊन आला. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड गॅस्केट गेलं, हे उघड होतं. “फक्त गॅस्केट बदलायचंय, किती घेणार?” आपला मुलगा उभ्या उभ्या बोलून गेला, “साडेसहा हजार, सगळं धरून.”

गॅस्केट सेट ९००, हेडला फेस मारायला १,२००, ऑइल-कूलंट १,८००. म्हणजे ३,९०० गेले, हातात २,६००, आणि चार दिवस जागा अडलेली. इथपर्यंत ठीक. पण रेडिएटर आतून चोंदलेला होता. तो साफ करायचे १,४०० कोटेशनमध्ये नव्हते, म्हणून तसाच बसवला. तिसऱ्या आठवड्यात गाडी तापली आणि परत आली. पुन्हा ३,९००, वर रेडिएटरचे १,४००. २,६०० कमावले, ५,३०० घातले. २,७०० रुपये खिशातून, आणि मजुरी शून्य!

आता थोडं इंजिनाबद्दल, कारण धंद्याची चूक तिथेच लपली होती. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं. इंजिन एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जळतं. म्हणजे गॅस्केट हा बळी, गुन्हेगार दुसरीकडे: रेडिएटर, वॉटर पंप, नाहीतर थर्मोस्टॅट. हेड किती वाकलंय हे उतरवून, सरळ पट्टी ठेवून, फिलर गेज घातल्याशिवाय कळत नाही. मग उघडायच्या आधी पूर्ण रक्कम सांगायची कशाच्या जोरावर? आपल्या कॅम्प नं. ५ चा जीन्सवालासुद्धा सॅम्पल शिवून बघितल्याशिवाय दर पक्का करत नाही.

आता तो कोटेशन दोन टप्प्यांत देतो. पहिला टप्पा हेड उतरवून तपासणीचा, त्याचे पैसे वेगळे आणि ॲडव्हान्स. मग मालकाला बोलावून, पट्टीखालची फट दाखवून दुसरा आकडा. गाडी का तापली ते कारण दुरुस्त करायचं नसेल तर हेड बसवत नाही, स्पष्ट सांगतो. एक गिऱ्हाईक त्यावरून उठून गेलं. जाऊ दे!

बसवताना बोल्टची भोकं कोरडी करतो, कारण आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. टॉर्क पान्याने मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळतो. वडील हे सगळं हाताच्या अंदाजावर करायचे, त्यावरून घरात अजून वाद आहे.

आणि एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने सुरू केली. गाडी थोडी चालल्यावर, इंजिन थंड असताना, बोल्ट पुन्हा तपासून टॅपेट सेट करायचं काम तसंही असतंच. त्याची तारीख तो बिलावरच लिहून देतो. त्या दिवशी मालक येतो, चहा होतो, आणि बहुतेक वेळा ब्रेकचं नाहीतर वायरिंगचं पुढचं काम तिथेच ठरतं.