आंबे कुठे पळून जातात?

१९६० साली एक मेला महाराष्ट्र राज्य झाले. त्या दिवशी झेंडावंदन उरकून कोकणात आंबे खायला निघायचे, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा मला भारी घाई. ताम्हिणी घाट उतरताना, अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा नियम ठाऊक असूनही मी मोटार पुढे दामटली. शुद्धलेखनाचा नियम मोडला की गुण कापणारा मी! ब्रेक करकचून दाबला. मागे पट्टा न बांधता बसलेली धाकटी पुढे आदळली. टेंगळावर निभावले. ताशी ३० किलोमीटरलाही मोटार सेकंदाला ८ मीटर धावते, वाचकहो! आता सर्वांनी पट्टे बांधल्यावाचून आमची गाडी हलत नाही. आंबे संध्याकाळीही गोडच लागतात.